तात्यांनी घातलेलं गाऱ्हाणं

तात्या समोर उभे राहिले की देवसुद्धा जरा सावरून बसत असेल, असं मला लहानपणी वाटायचं. एरवी हा माणूस चार शब्दांच्या वर बोलत नसे. पण आचऱ्याच्या आतल्या अंगाला असलेल्या आमच्या गावाचे ते गावकार. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, कुणाची नोकरी, सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात केली की श्वास कुठे घेतात ते कळायचं नाही. ते एकेक मागणं म्हणायचे आणि मागे उभा असलेला गाव "व्हय म्हाराजा!" म्हणून ते उचलून धरायचा.

गाऱ्हाण्याचा त्यांचा एकच नियम होता. "देवाक अर्धा सांगूचा नाय. मागणा सांगतंस तर चूकय सांग." शेजाऱ्याचा बांध कोरून कुणी सुखशांती मागायला आला, तर तात्या चारचौघांत आधी बांधाचं बोलायचे. त्यामुळे बरेच जण त्यांच्याकडे जाण्यापूर्वी बांध सरळ करून यायचे.

त्यांचं दुसरं काम मात्र मला आवडत नसे. फुरसं चावलं की लोक अंगाऱ्यासाठी त्यांच्याकडे धावायचे, पार जामसंड्याहूनसुद्धा. फुरसं म्हणजे हातभर लांबीचा साप, पण चावला की माणसाचं रक्त गोठायचं थांबतं. मी दहावीत होते तेव्हा शेजारच्या सुलूकाकीच्या नवऱ्याला काजूच्या बागेत ते चावलं. तात्यांनी अंगारा लावला, पाय दोरीने आवळून बांधला आणि सकाळपर्यंत बरं वाटेल म्हणाले. सकाळी हॉस्पिटलच्या वाटेवरच तो गेला. त्याबद्दल तात्या पुढे कधी एक अक्षर बोलले नाहीत. मी पुढे मेडिकलला गेले त्याला हेही एक कारण होतं.

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी महिनाभर आपल्या पसंतीच्या हॉस्पिटलात जाऊन शिकता येतं. त्याला इलेक्टिव्ह म्हणतात. श्रीलंकेतल्या एका हॉस्पिटलात सर्पदंशाचा वेगळा वॉर्ड आहे, तिथे मी अर्ज केला आणि त्यांनी चक्क ये म्हटलं. कॉलेजची परवानगी मिळाली, पासपोर्ट झाला. अडलं ते खर्चापाशी. विमानाचं तिकीट, विमा, तिथली फी, राहणं-जेवण, हे सगळं करायचं कुठून? दोन ट्रस्टनी पदवी झाल्यावर या म्हणून कळवलं. बाबा म्हणाले, पुढच्या काजूला बघू. पण माझी जागा महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवलेली होती. शेवटी आईने मला तात्यांकडे पिटाळलं. सापाचं औषध शिकायला अंगारा देणाऱ्याची मदत मागायची, म्हणजे कमालच होती. मी तोंड पाडून गेले.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "खंय ऱ्हवतलंस? जेवतलंस खंय? आणि परत येवन काय करतलंस?" शेवटच्या प्रश्नावर मी इंग्रजी शब्दांची सरबत्ती केली. तात्यांनी काकूला, म्हणजे त्यांच्या बायकोला, आतून बाहेर बोलावलं. "हिका सांग. हिका कळला मगे देवाक सांगूया. देव समजून घेता, ही घेवची नाय."

तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी काकू म्हणाली, "म्हणजे रगात नळयेत घालून वीस मिन्टा बघूचा. गोठला नाय तर इंजेक्शन. खरा मां?" मी मान हलवली. तात्यांनी काकूकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "जत्रेक ये."

जत्रेला मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं अख्खं मंडळ आलं होतं. सभामंडपाच्या फरशीसाठी त्यांनी पैसे जमवले होते आणि अध्यक्ष पुढच्याच रांगेत हात जोडून उभे होते. गाऱ्हाणं सुरू झालं. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, मागून "व्हय म्हाराजा" चालू होतं. आणि त्याच सुरात तात्या म्हणाले, "बा देवा म्हाराजा, तुझ्या मंडपाची फरशी आणखी एक वर्स ऱ्हवांदे. ते पैशे ह्या चेडू सापाचा औषध शिकाक जाता तेका दी. शिकान इला की तेच्या हातान आमचे जीव राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. अध्यक्षही गरजले. आपण काय बोललो ते त्यांना नंतर कळलं, पण देवासमोर दिलेला शब्द कोण मागे घेणार? मला हसू आवरेना.

पण तात्या थांबले नव्हते. "आणि म्हाराजा, माझी चूक. सुलूचो घोव माझ्या दारात इलो. मी अंगारो लावलंय, पाय बांधलंय, वेळ घालवलंय. तो माणूस माझ्यामुळे गेलो."

यावर होय तरी कसं म्हणायचं? शेवटी बायकांच्या बाजूने सुलूकाकी एकटीच बोलली. "व्हय म्हाराजा."

तात्यांनी गाऱ्हाणं पुढे नेलं. "आजपासून फुरशाचो अंगारो माझ्याकडे मागूचो नाय. बांधूचा नाय, कापूचा नाय, थेट हॉस्पिटल. काय चुकला-माकला असात तर सांभाळून घे रे म्हाराजा!"

मी तोवर साधी प्रवासाची बॅगही भरली नव्हती. मी परत येईन, काही शिकून येईन, याची कुणाला खात्री होती? आणि या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मान माझ्या भरवशावर भर जत्रेत खाली ठेवला होता. इतका मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मी गेले, महिनाभर शिकले, परत आले. आता इथल्याच ग्रामीण रुग्णालयात आहे. तात्या मात्र काजूच्या हंगामात काठी टेकत वाडीवाडीवर जाऊन त्याच तीन गोष्टी सांगत राहिले, बांधू नका, कापू नका, थांबू नका. तीन वर्षांपूर्वी ते गेले.

गेल्या महिन्यात फुरसं चावलेली एक बाई स्कूटरवरून आली. पाय सुजलेला, पण ना दोरी, ना चिरा. रक्त वीस मिनिटांत गोठलं नाही, इंजेक्शनं दिली, चौथ्या दिवशी ती चालत घरी निघाली. मी विचारलं, "बांधूचा नाय म्हणान तुका कोणी सांगलां?"

"तात्यान."

"तात्यांका जावन तीन वर्सां झाली गो."

चपला पायात सरकवत ती म्हणाली, "माणूस गेलो. तेणी सांगलेला खंय जातला?"