ॲम्पचा आवाज आणि आईंचे कान

"वाजवाचं असन त असं वाजव, मले सैपाकघरात ऐकू आलं पाह्यजे." लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या सौंसरला आले तेव्हा सामानात इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प बघून सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्या माझ्या पहिल्या श्रोत्या... मी हॉलमध्ये वाजवायचं, त्यांनी भाजी चिरता चिरता ऐकायचं आणि चुकलं की लगेच कळवायचं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, इथून जवळच्या मोहगावच्या. जन्मल्या तेव्हा राजधानी नागपूर होती, शाळेत जाईपर्यंत ती भोपाळ झाली, आणि आता या वयात जिल्हाही छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. त्या म्हणतात, मी कुठंच गेली नाही, पत्ताच बदलत राहिला.

तर यंदा कोजागिरीला पांढुर्ण्यात बायकांचा गाण्याचा कार्यक्रम ठरला आणि मी पहिल्यांदाच स्टेजवर वाजवणार होते. आईंसाठी अगदी पुढची खुर्ची सांगून ठेवली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रियाजाला बसले. थोड्या वेळानं आई आतून आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मले ऐकू येऊन नाही राहिलं, माय. कान गेले वाटते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. प्रशांत मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, छान वाजून राहिलं. इतकी वर्षं तो हेच म्हणत आलाय... तरी त्या दिवशी मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आईंशी मोठ्यानं बोलू लागले.

त्या संध्याकाळी आई भजनाला गेल्या नाहीत. पुढची खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी दे, म्हणाल्या. तिथं येऊन मी काय लोकाच्या टाळ्या पाहू?

स्टेजवर समोर आई नाहीत, ही कल्पनाच मी कधी केली नव्हती.

सकाळी अंगणात उभी होते, तर भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, काहो, गिटार सोडली का? एरवी माझा आवाज जास्त होतो म्हणून याच काकू भिंत वाजवतात... दोन घरांचे कान एकाच आठवड्यात कसे जातील?

धावत आत गेले. ॲम्पचा व्हॉल्यूम एरवी तीनवर असतो, तो मी नकळत आठवर नेऊन ठेवला होता! गिटारवरचं आवाजाचं बटणही पूर्ण उघडं होतं. मधले आवाज बदलणारे इफेक्ट्सचे सगळे पेडल काढून गिटार सरळ ॲम्पला लावली, तरी आवाज तेवढाच बारीक. केबल बदलली... तेच.

मग ॲम्प फिरवला. मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी दोन छिद्रं असतात, इफेक्ट्स मध्येच जोडायची सोय. मी ती कधी वापरत नाही, पण आवाज आतून त्याच वाटेनं जातो. सहज म्हणून एक छोटी केबल या छिद्रातून त्या छिद्रात लावली आणि तार छेडली.

सगळं घर दणाणलं. प्रशांतनं पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला.

टॉर्च लावून पाहिलं तर आत लाल... वाळलेलं कुंकू आणि एक अक्षता, थेट रिटर्नच्या पत्तीवर, जिथून आवाज पुढे जातो. दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक यंत्राची पूजा होते. मिक्सर, मोटरसायकल, फवारणीचा पंप. आईंनी ॲम्पचीही केली होती, आणि मनापासून केली होती.

विचारलं, तर त्यांना त्यात काही चूकच दिसेना. "जिथून आवाज निंगते तिथंच टिका लावा लागते. समोर तू तार खोसून ठेवली होती, मंग मांगं लावला."

मी हसत सुटले. त्या मात्र हसल्या नाहीत. आधी पुन्हा वाजवायला लावलं, सैपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथून त्यांचा आवाज आला, "मंग माहे कान चांगले हायेत." मग मात्र इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसायला लागले.

कोजागिरीला आई पुढच्या खुर्चीवर होत्या. मी दोनदा चुकले, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. एवढं मन लावून ऐकणारं माणूस घरातच मिळावं, याहून मोठं काय असतं...

पण एक गोष्ट त्या दिवसापासून मनात आहे. आई तिथं सैपाकघरात हसत उभ्या होत्या, आणि मागे कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता. त्यांनी वळून पाहिलं नाही.

ही पोस्ट मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, म्हणून इथंच विचारते. आई, पुढच्या आठवड्यात नागपूरला जाऊन एकदा कान दाखवून यायचं का? बसमध्ये खिडकी तुमची.