बेडरूममधली अंबाडी

अख्ख्या कुवेतमध्ये ऋतूंचा एवढा घोळ घालणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. अबू हलीफात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे काका मूळचे लातूरकडचे, जाब्रियातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. कामात म्हणे फार काटेकोर. पण घरी आले की आज उन्हाळा आहे की पावसाळा, हे त्यांना भिंतीवरचं मराठी कॅलेंडर सांगतं, खिडकीबाहेरचं ऊन नाही. इथे भाजीपाला लावायचा तो ऑक्टोबरात, खायचा तो हिवाळाभर, आणि उन्हं तापली की कुंड्या उपड्या करून स्वस्थ बसायचं. हिवाळ्यात काकांच्या बाल्कनीत मेथी, वांगी, टोमॅटो असे काही माजतात की वाळत घातलेले कपडे शोधावे लागतात. पण एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! जूनमध्ये कॅलेंडरावर मृग लागला की सगळं कुवेत भट्टीत असताना हे गृहस्थ बाल्कनीत अंबाडी पेरतात. "अहो काका, जळेल ना," मी दरवर्षी सांगते. "जळू द्या. मिरगाला पेरलं नाही तर मला करमत न्हाई की हो," हे ठरलेलं उत्तर. अंबाडी जळते, काका आठवडाभर कुणाशी बोलत नाहीत, आणि आपलंच काही चुकलं की काय, असं मला उगाच वाटत राहतं.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या तापून आमच्या नळांना उकळतं पाणी येतं, म्हणून आम्ही गिझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरतो. काकांकडे हे गार पाणी झाडांना, आणि काका मात्र नळाच्या पाण्यानं लालबुंद होऊन ड्यूटीवर. एकदा माझा मेकअपचा ब्रश मागायला आले. मधमाशी फिरकत नाही म्हणून टोमॅटोच्या फुलांवर तो फिरवायचा होता. द्यावा की न द्यावा ते कळेना, शेवटी दिला. परत आला तेव्हा घ्यावा की न घ्यावा, तेही कळेना.

गेल्या उन्हाळ्यात काकू शाळेतून रिटायर झाल्या. नोकरीपायी त्या इतकी वर्षं लातूरलाच होत्या. "ऑगस्टमध्ये महिनाभर येते, करमलं तर राहते," असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि काकांचं धाबं दणाणलं. "हिला डोळ्यांपुढं हिरवं लागतं, ताई. हे वाळवंट बघून दुसऱ्या दिवशी बॅग भरती की नाही बघा!" म्हणून त्या वर्षी अंबाडी पेरली ती थेट बेडरूममध्ये. एसी अखंड चालू, डोक्यावर ट्यूबलाइट, पलंगावर, कपाटावर, ड्रेसिंग टेबलावर कुंड्याच कुंड्या. काका हॉलमध्ये सतरंजीवर. अंबाडी उगवली, पण लांबलचक, फिकी, नक्की कुठला महिना चालू आहे या विचारात पडलेली.

काकू आल्या त्या दिवशी मी चहा घेऊन खाली गेले होते. बॅग हातात धरूनच त्यांनी बेडरूमचं दार उघडलं. पलंगापासून ड्रेसिंग टेबलापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाल्या, "अन् मी कुठं राहायचं?"

काकांनी एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा बॅगेकडे. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच बसायला जागा उरली नव्हती. मला हसू फुटत होतं, पण काकांचा चेहरा बघून मी ते दाबलं. ते एकेक कुंडी उचलून बाल्कनीत नेऊ लागले. बाहेर ऑगस्टचं ऊन. "काका, अहो, निदान एखादी तरी..." "राहू द्या, ताई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला जेवायला बोलावलं. बाल्कनीतली अंबाडी करपली होती. त्यातली धड पानं खुडून, ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी घालून काकूंनी भाजी केली होती. काका घास तोंडात घोळवत बसले.

"कशी झाली?"

"गावाकडच्यासारखी नाही झाली," काका अपराध्यासारखे म्हणाले.

"कशी होईल? इथली आहे ती," असं म्हणून काकूंनी त्यांच्या ताटात आणखी वाढली.

काका गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. ही राहणार म्हणतेय की जाणार? मलाही काही उमगलं नव्हतं. मी खाली बघून जेवत राहिले.

"ऑक्टोबरात काय काय लावता इथं?" काकूंनी विचारलं.

काका मेथी म्हणाले, वांगी म्हणाले, आणि ताट तसंच ठेवून बाल्कनीतल्या कुंड्या उपड्या करायला उठले.