पान उलटं करून दाखवा

पृथ्वीवर आधी झाडं आली आणि त्यांना पाणी घालायला कुणीतरी हवं म्हणून मागाहून माणसं पाठवण्यात आली, असं आमच्या गच्चीबाग ग्रुपच्या ॲडमिनकाकांचं ठाम मत आहे. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपल्यालाही ते पटायला लागतं. आमचं गाव हिंदी मुलखातलं. मी तिथल्या माधव नगरात राहते, काकांचं घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर; पण पहिलं वर्षभर आमची ओळख नुसती मोबाईलवरचीच. माझ्या जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आतच गळायच्या, म्हणून शेजारणीने मला त्या ग्रुपमध्ये घातलं आणि मी मोठ्या हौसेने फोटो टाकला. लगेच उत्तर, "पूर्ण झाडाचा एक, पान उलटं करून दुसरा आणि मातीत बोट खुपसून तिसरा. एका फोटोवर मी औषध सांगत नाही." मी चिडलेच. म्हटलं, हा कोण टिकोजीराव लागून गेला! पण पान उलटं केलं, तर मागे पांढरी कापसासारखी कीड ठाण मांडून बसलेली. त्या दिवशी ठरवलं, यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. लांबच्या स्टेशनवरच्या माणसाला फोनवरून कामाला लावायची सवय तिथलीच. चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज, अर्धे मराठी, अर्धे हिंदी, मध्येच कुणावर तरी खेकसणं. "भाभीजी, कडुलिंबाचं तेल पाण्यात तसंच टाकायचं नाही, आधी दोन थेंब साबण! कितनी बार बताऊं?" ग्रुपवर सकाळचे शुभेच्छांचे फोटो टाकायला सक्त मनाई. काकांच्या सख्ख्या मेव्हण्याने एकदा 'जय श्री महाकाल' लिहिलेला लालभडक गुलाब पाठवला. काकांनी विचारलं, "हा गुलाब तुमच्या घरचा आहे का?" मेव्हणा म्हणाला, "नाही हो, कुणीतरी पाठवला, मी पुढे ढकलला." झालं! काकांनी त्याला तिथल्या तिथे ग्रुपमधून काढलं. काकूंनी दोन दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे परत घेतलं, तेही घरच्या कढीपत्त्याचा फोटो टाकण्याच्या अटीवर.

प्रत्यक्ष भेट झाली ती टावर चौकात, पोह्यांच्या दुकानापुढे. एक सडपातळ गृहस्थ प्लेट बाकावर ठेवून दुकानदाराच्या तुळशीची माती उकरत होते. दुकानदार म्हणत होता, "बाबूजी, पोहा ठंडा हो रहा है." हे म्हणाले, "पोहा फिर गरम हो जाएगा, इसकी जड़ गल गई तो?" आवाज ऐकला आणि मी ओळखलं. लोक नदीवरच्या रामघाटावर पुण्य घ्यायला जातात, काका पिशवी घेऊन जातात आणि निर्माल्यातल्या झेंडूच्या माळा खतासाठी घरी आणतात. तिथे पूजा सांगणारे एक पंडाजी त्यांच्यासाठी माळा बाजूला काढून ठेवतात. माळेतला दोरा मात्र काका स्वतः बसून ओढून काढतात, कारण नायलॉनचा दोरा कुजत नाही, आणि हे ते प्रत्येक नव्या मेंबरला पहिल्याच दिवशी ऐकवतात.

काकू गेल्या. त्यानंतर वर्षभराने मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. गुडघे दुखतात, एकट्याने जिना चढायचा कसा, हे त्याचं म्हणणंही खरंच. फ्लॅट नवव्या मजल्यावर आणि बाल्कनीत वॉशिंग मशीन. मग सगळ्या कुंड्यांसाठी घरं शोधणं आलं. काकांनी ज्या चौकशा केल्या त्या मुलगी देतानाही कुणी करत नाही. गच्चीला ऊन कुठल्या बाजूने येतं? पाणी नळाचं की बोअरचं? माकडं येतात का? मे महिन्यात गावाला जाता का? माझ्या वाट्याला त्यांचा लाडका अनंत आला. "ताई, याला बोअरचं पाणी सोसत नाही. आणि माती वरून सुकल्याशिवाय पाणी नाही, कितीही माया आली तरी." रिक्षात कुंडी ठेवून झाल्यावर काका कितीतरी वेळ रिक्षाचा दांडा धरून उभे होते.

आणि मी काय केलं? माया केली! रोज सकाळी तांब्याभर पाणी. दिवाळी होते न होते तोच पानं पिवळी पडली, मुळं कुजली आणि अनंत गेला. काकांना सांगणार कोणत्या तोंडाने? ग्रुपमधल्या ऋषिनगरच्या भाभींना विचारलं तर त्यांच्याकडे दिलेलं काकांचं लिंबाचं झाडही आजारीच. त्या म्हणाल्या, "उनको टेंशन मत देना दीदी. अच्छी-अच्छी फोटो ही डालेंगे." सगळ्यांना ते पटलं. मग ग्रुपवर नुसती हिरवळ! प्रत्येकाचं झाड टवटवीत, कुणाला काही विचारायचंच नाही. मी तर शेजारणीच्या अनंताचे फोटो काढून पाठवत होते, शरम नाही वाटली.

सुरुवातीला काकांचं उत्तर यायचं, "वा, छान." पुढे नुसता अंगठा. मग तोही बंद. एके दुपारी त्यांच्या सुनेचा फोन आला. "ताई, बाबा दिवसभर मोबाईल उघडतात, बघतात आणि ठेवून देतात. जेवणसुद्धा अर्ध्यावर आलंय. डॉक्टर म्हणतात, काही आजार नाही. तिकडे काही झालंय का?" आम्ही त्यांना जपायला निघालो होतो आणि माणूस आमच्याच हातून वाळत चालला होता. सुनेला म्हटलं, दे त्यांना फोन.

"काका, तुमचा अनंत गेला. दोन महिने झाले. मी पाणी जास्त घातलं."

काका म्हणाले, "मला माहीत आहे ताई. फोटोतला तो माझा नव्हेच. माझ्या अनंताला खालून दोन फांद्या होत्या."

"मग बोलला का नाहीत? रागवायचं तरी!"

"काय बोलू? घरच्या माणसाला न्हाणीघर तुंबलेलं सांगतात, पाहुण्याला फक्त बैठक दाखवतात. म्हटलं, आता आपण पाहुणे झालो."

मला रडूच आलं. काका म्हणाले, "बरं, आता रडू नका. लिंबाला काय झालंय ते सांगा. भाभी त्याचे फोटो लांबून काढतात, तेव्हाच मला शंका आली होती."

मी ग्रुपवर सगळं कबूल करून टाकलं. संध्याकाळपर्यंत रांग लागली. कुणाच्या मोगऱ्याला मुंग्या, कुणाचा गुलाब माकडांनी मोडलेला, भाभींच्या लिंबाची पानं तर चुरगळून गोळा झालेली. काकांनी एकेकाला असं झापलं की विचारू नका. दुसऱ्या दिवशी सुनेचा पुन्हा फोन, "ताई, जेवायला हाक मारली तर म्हणतात, थांब, पेशंट बसलेत!" आम्ही दोघी खूप हसलो.

अनंताची कुंडी मी धुऊन गच्चीवर ठेवली आहे. दुसरं काही लावू का, विचारलं तर काका म्हणाले, "नको, मी आलो की आपण नवी माती तयार करू." कधी येणार ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचे गुडघे आता दोन जिनेही चढत नाहीत, हे सुनेने मला सांगितलंय. मीही तारीख विचारली नाही. "या काका, वाट बघते," एवढंच म्हटलं.