चाळीचा नळ आणि अध्यक्षाची खुर्ची

कतारगामच्या लूमच्या कारखान्यात सुभद्राबाई मागासाठी धाग्याच्या कांड्या भरायच्या. चाळीस मागांच्या खडखडाटात ओरडून काही उपयोग नसतो. तिथले लोक नुसते ओठ हलवून बोलतात आणि ओठ बघूनच समजून घेतात. धुळ्याकडून आल्याला पंधरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात बाई या विद्येत इतक्या तयार झाल्या होत्या, की त्या टोकाला मुकादमानं शिवी पुटपुटली की या टोकाहून तिला जोड मिळून परत जायची.

१९६९ साली पक्ष दिल्लीत फुटला आणि महिनाभरात भेग कतारगामच्या वॉर्डापर्यंत पोचली. वॉर्डाचे अध्यक्ष पंडितअण्णा. वीस वर्षांत खुर्चीचा वेत दोनदा बदलला, अण्णा नाही. समोर जयंत वकील, वय अठ्ठावीस, दर तिसरा शब्द 'समाजवाद'. अध्यक्षाच्या निवडणुकीत दोघांकडे नऊ-नऊ मतं. मग अण्णांनी शक्कल लढवली. कांड्या भरणाऱ्या अकरा बायकांना सभासद करून घेतलं आणि सुभद्राबाईंना शब्द दिला, "सहा वर्षं रखडलेला तुमच्या चाळीचा नळ, पहिला ठराव त्याचाच!"

दुसऱ्या दिवशी जयंत चाळीत हजर. "मावशी, एक कशाला? आम्ही दोन नळ देऊ!"

रविवारी सभा भरली.

"तुझ्या वयाचा असताना मी तुरुंगात होतो!" अण्णा कडाडले.

"आणि सुटल्यापासून खुर्चीत!" जयंत म्हणाला.

तासभर असं रणकंदन झाल्यावर चहा आला. दोघे पुढारी कप घेऊन अंगणाच्या पार टोकाला गेले आणि कुजबुजू लागले. बायकांनी खिडकीतून पाहिलं. सुभद्राबाईंचा चहा बशीतच निवला.

मतदानाची वेळ आली तशा त्या उठल्या.

"अण्णा तिकडे म्हणाले, 'अध्यक्ष तू हो, म्युनिसिपालटीचं तिकीट मला.' वकीलसाहेब म्हणाले, 'चालेल, पण नळाचं काय?' अण्णा म्हणाले, 'बायकांना एकेक हार घालू, विसरतील.'"

अण्णांचा चेहरा उतरला. "एवढ्या लांबून तू ऐकलंस कसं?"

"आयकं नही अण्णा, दखं!" बाई म्हणाल्या. "आमी अकराही जणींनी पाहिलं. आता अध्यक्षपदाला मीच उभी राहते."

अकरा हात एकदम वर गेले. ते बघून जयंतच्या बाजूचा सुकलाल, त्याच चाळीत राहणारा, त्यानंही हात वर केला. बायकोला तोंड दाखवायचं होतं त्याला. सौदा उघडा पडल्यावर दोन्ही गट पुन्हा फुटले: अण्णांना नऊ, जयंतला आठ, बाईंना बारा.

सुभद्राबाई पदर खोचून खुर्चीत बसल्या. "वकीलसाहेब, तुमचं अक्षर चांगलं. लिहा, ठराव पहिला: नळ. तुम्ही दोन म्हणाला होता, दोनच लिहा."

जयंतनं लेखणी उघडली. मागच्या रांगेत अण्णांचे ओठ किंचित हलले.

बाई तिथूनच म्हणाल्या, "अण्णा, दिसतंय हं मला!"