मावशींचं नाक

"हा कर."

डॉक्टरांशिवाय दुसरं कोणी हे म्हणत असेल असं तुम्हाला वाटत नसेल, तर तुम्ही चिंचपोकळीला आमच्या मजल्यावर राहिलेला नाहीत. आमच्या शेजारच्या मावशी संध्याकाळी दारात उभ्या राहायच्या आणि घरात शिरणाऱ्या पुरुषाला थांबवून म्हणायच्या, "हा कर." मग पुढे होऊन त्याच्या तोंडाचा वास घ्यायच्या. वास पसंत पडला तर ताट वाढलं जायचं.

घरात शिरणारा पुरुष म्हणजे त्यांचा नवरा. काका गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते "जरा वाइन शॉपला जाऊन येतो" म्हणून बाहेर पडायला लागले. आपल्याकडे वाइन शॉपमध्ये माणसं वाइन सोडून बाकी सगळं घेतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काका जे घ्यायचे त्याचा वास त्यांच्या आधी जिना चढायचा. तरीही मावशी रोज "हा कर" म्हणायच्या आणि काका रोज करायचे. पुढे त्यांचं यकृत गेलं आणि मागोमाग तेही गेले. मावशी काही दिवस आत बसून राहिल्या. मग मुलगा कॉलेजला जायला लागला तशा त्या पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या.

हा मुलगा, संदेश, 'हा' करतच मोठा झाला. लग्नाहून आला की करायचा, कबड्डीची मॅच बघून आला की करायचा. आमच्याकडचा पाहुणा चुकून त्यांच्या दारापाशी थांबला तर त्यालाही करावं लागे. माझ्या सासऱ्यांनी एकदा केलं आहे. पास झाले.

संदेश हॉटेल मॅनेजमेंट शिकला आणि दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात लागला. पेढे द्यायला आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, "वाइनमध्ये आहे, ताई." कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, हे तो गिऱ्हाइकांना सांगणार होता. सोबत आलेल्या मावशींनी त्यातला एकच शब्द ऐकला. त्यांच्या लेखी वाइन म्हणजे वाइन शॉप, आणि वाइन शॉप म्हणजे काका. त्यांनी पेढा खाल्ला नाही.

मग व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी संदेश कामावरून आला. भिंत एकच, त्यामुळे आम्हाला ऐकण्यासाठी कष्ट घ्यावे लागले नाहीत.

"प्यालंस."

"नाही प्यालो, आई. चाखून थुंकतो आम्ही. कामच आहे ते."

"थुकतंस? इतकी म्हाग दारू थुकतंस? तुझो बापूस पण असाच काय काय सांगी."

"मी बाबा नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी "हा कर" म्हणाल्या आणि संदेश तोंड मिटून आत गेला. त्या रात्री ताट वाढलं गेलं नाही. त्यानंतरही नाही. आठवड्याभरात तो माहीमला मित्रांच्या खोलीवर राहायला गेला. त्याचा फोन यायचा, वाजून वाजून थांबायचा. मावशी मात्र संध्याकाळी दारात उभ्या राहायच्याच. कोणी येणार नाही हे माहीत असूनही उभ्या राहायच्या. मला ते बघवत नसे. मी आमचं दार पुढे करून घ्यायची.

एका रविवारी दुपारी त्यांनीच ते दार ढकललं.

"गो, तू हापिसात वायन शिकलंस मां?"

शिकले होते, म्हणजे एक संध्याकाळ. आमचं लोअर परळचं ऑफिस गिरणीच्याच आवारात आहे. आमच्यात एकोपा वाढावा म्हणून साहेबांनी एक बाई बोलावल्या होत्या. त्यांनी चार गोष्टी शिकवल्या: बघा, हुंगा, घोट घेऊन तोंडभर फिरवा, आणि थुंका. चौथी गोष्ट आमच्यापैकी कोणीही केली नाही. एकोपा पुष्कळ वाढला. जाताना प्रत्येकाला एकेक बाटली मिळाली. माझी रव्याच्या डब्यामागे पडून होती.

"माका शिकव," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला? कशाला?"

"झील खरा बोलता काय खोटा, ता माका कळाक व्हया."

मुलाबद्दल त्यांनी उच्चारलेलं ते कितीतरी दिवसांतलं पहिलं वाक्य होतं. मी दाराला कडी घातली आणि डबा बाजूला केला.

वाइनचे खास ग्लास माझ्याकडे नव्हते, सरबताचे होते. मावशींनी ग्लास उजेडात धरला, हुंगला आणि म्हणाल्या, "आमसुलां." बाटलीवर चेरी लिहिलं होतं. पण केकवर बसते ती सोडून चेरीशी आम्हा दोघींचीही ओळख नव्हती, त्यामुळे वाद झाला नाही. पुढच्या रविवारी मी मुद्दाम दुसरी बाटली आणली. तिच्यातही आमसुलं निघाली. तिसरी तर पांढरी होती. मावशींनी बराच वेळ हुंगून आमसुलंच ठरवली. शिष्या म्हणून त्यांची प्रगती बेताची होती, आणि गुरू म्हणून मला तरी कुठे काय कळत होतं!

पण घोट घ्यायला त्या तयार नव्हत्या. दारूचा थेंब कधी तोंडात गेला नव्हता आणि आता या वयात घालायचा नव्हता. शेवटी त्या तिसऱ्या रविवारी मी घोट घेतला, तोंडभर फिरवला आणि मोरीत जाऊन थुंकले. मावशी मोरीच्या दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

"खरांच थुकतत?"

"शिकलेली माणसं थुंकतात, मावशी."

त्या जरा वेळ मोरीकडे बघत राहिल्या. "माझ्या घोवान जल्मात एक थेंब थुकलो नाय," त्या म्हणाल्या.

मग पुढे आल्या. "हा कर."

मी केलं. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. आणि तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या.

"थुकलंस तरी वास येता."

"येणारच."

"मगे तेव्हा तो खरा बोलत होतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं त्या नाकावर त्यांचं घर चाललं होतं. त्या नाकाने नवऱ्याच्या बाबतीत त्यांना एकदाही फसवलं नव्हतं, आणि मुलाच्या बाबतीत त्याच नाकाने घात केला. मी नळ सोडला आणि ग्लास विसळत बसले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून फोन केला. माफी वगैरे मागितली नाही. "उद्या ये. बांगडे हाडतंय," एवढंच म्हणाल्या.

संदेश कामावरून थेट आला. मावशी दारात होत्या. तो समोर येऊन थांबला. मी आमच्या दारात लसूण सोलत होते आणि ती सोलून केव्हाच संपली होती. मावशी "हा कर" म्हणाल्या नाहीत. मग संदेशनेच मान जरा खाली केली, तोंड उघडलं आणि म्हणाला, "हा."

मावशींनी वास घेतला.

"आमसुलां," त्या म्हणाल्या.

संदेशने माझ्याकडे बघितलं. मी लसणीच्या सालांकडे बघितलं.

"बरोबर, आई," तो म्हणाला. ताट वाढलं गेलं. पुढच्या आठवड्यात माहीमहून त्याची बॅगही आली.

त्यानंतर मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की मावशी लालबागच्या मासळीबाजारातसुद्धा मोठ्याने सांगायच्या, "माझो झील थुकूचो पगार घेता." समोरच्या बाईचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मावशींचा त्याहून.

गेल्या थंडीत मावशी गेल्या. दुपारी पडल्या त्या उठल्या नाहीत. मजल्यावर आता संध्याकाळी कोणी कोणाला थांबवत नाही. माणसं काय वाटेल ते पिऊन सरळ आपापल्या घरात शिरतात.

संदेश मात्र थांबतो. किल्ली हातात असते, दाराला कुलूप असतं. तो त्या बंद दारासमोर मान जरा खाली करतो, तोंड उघडतो आणि श्वास सोडतो. मग कुलूप काढतो. मी पाहिलंय हे त्याला बरेच दिवस माहीत नव्हतं.

परवा मला राहवलं नाही. मी आमच्या दारातून विचारलं, "काय रे, आज कसला वास?"

तो दचकला. मग दाराकडे तोंड करूनच म्हणाला, "आमसुलांचा, ताई."