नावेचा मुक्काम

माझी थोरली नणंद हिमायतनगरजवळच्या एका खेड्यात राहते. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. तिचं निम्मं शेत पैनगंगेच्या पलीकडं आहे. पंचवीसेक वर्षं ती आणि दाजी, म्हणजे तिचे यजमान, फायबरच्या एका लहानशा नावेतून शेताला जायचे-यायचे. मग नदीवर पूल झाला, दाजींचे गुडघे गेले आणि नाव अंगणात आली. तिच्यात आधी सरपण ठेवलं, मग कडबा, आणि शेवटी एक शेळी तिथं व्याली. तेव्हा आक्कानं आमच्या ह्यांना फोन केला.

"आरं, तुला लहानपनापासनं नावेचं याड. घेऊन जा ही. शेळ्या काय, कुठंबी वितात."

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म कालव्याच्या कडेनं जीप चालवण्यात गेला, पण पाण्यावर जायचा योग कधी आला नाही. आम्ही रेणापूरला राहतो, जवळ तलाव आहे, त्यामुळं फोन संपायच्या आत ह्यांचा होकार गेला होता. मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवते. गोदावरीचा उगम, पैनगंगेचा उगम, मांजरेचा उगम हे सगळं माझं तोंडपाठ. प्रत्यक्षात गुडघ्याच्या वरच्या पाण्यात मी कधी उतरलेली नाही.

हिमायतनगर ते रेणापूर म्हणजे दोनशेच्या वर किलोमीटर. ह्यांनी जुनी दोन चाकं आणि लोखंडी सांगाडा जोडून एक ट्रॉली करून घेतली होती. ती जीपमागं तिशीच्या वेगाला गुणानं चालायची. चाळिशीला गेली की शेपूट हलवायला लागायची. मागं दिवे नव्हते, म्हणून दिवस मावळायच्या आत थांबणं भाग होतं. म्हणजे वाटेत एक मुक्काम आला. आणि मुक्काम म्हटलं की आमच्या घरात बैठक बसते.

"नांदेडला थांबू," मी म्हणाले. "लॉज आहेत, जेवणाची सोय आहे."

"आणि नाव कुठं लावायची? लॉजच्या पार्किंगला?" ह्यांनी नकाशावर लोह्याच्या पुढं एक निळा ठिपका दाखवला. "हा तलाव. माझा जुना चौकीदार निवृत्त होऊन काठावरच राहतो. मुक्कामाचा मुक्काम, बोटिंगचं बोटिंग."

बोटिंग हा शब्द ह्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी पाहते तर प्रवासाच्या कागदावर लाल पेननं लिहिलेलं: 'सायं. ५ ते ६ बोटिंग, सर्वांनी.' त्यातल्या 'सर्वांनी'खाली रेघ.

"मी काठावर बसून बघीन," मी सांगितलं.

प्रकरण फोनवर आक्काकडं गेलं. ती नेहमी माझी बाजू घेते, म्हणून मी निवांत होते. पण आक्का म्हणाली, "त्याचं बरोबर हाय, मास्तरीणबाई. दोन वर्षं झाली नाव कोरडी पडून. गावात घालून बघावं तर घाट पुरात गेला, ट्रॉली नदीपातूर जात न्हाई. रेणापूरला नेऊन मग गळती कळली तर काय करनार, शेळी शोधनार? वाटंतच पान्यात घाला. मी येते संगं."

ती येते म्हटल्यावर माझं काही चाललं नाही. मी एकच अट घातली: मला बुडू न देणारं काहीतरी पाहिजे. ह्यांनी ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब आणून हवा भरून दाखवली. चौकीदारानंही तलावावर नाव घालायची रीतसर परवानगी विचारून ठेवली. माझ्याकडं आता कुठलंच कारण उरलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आक्काकडं गेलो आणि दुसऱ्या दिवशी नाव घेऊन निघालो. सकाळी दाजींनी काठी टेकत नावेला तीन फेऱ्या घातल्या, प्रत्येक गाठ ओढून पाहिली, मुक्कामाचा म्हणून चौकीदाराचा नंबर लिहून घेतला आणि आम्ही भोकर गाठायच्या आत तीनदा फोन केला. टायरची हवा बघा. दोर ढिला पडला का बघा. वळणावर हळू घ्या. सहाव्या फोननंतर ह्यांनी मोबाइल गप्प करून खणात टाकला. "दाजी नदी सोडून रस्त्यावरचं शिकवून राहिले मला," असं म्हणाले. आक्काचा फोन घरीच चार्जिंगला राहिला होता आणि माझा नंबर दाजींना कुणी दिलेला नव्हता.

नांदेडातून नाव काढणं म्हणजे वरात काढणं होतं. सिग्नलला एका ऑटोवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "काका, गोदावरीला पूर आला का?"

"अजून न्हाई," हे गंभीरपणे म्हणाले. "पण तयारीत राहावं मानसानं."

सिटी बसमधल्या बाया हसल्या, एकीनं फोटो काढला. आक्कानं पदर नीट केला आणि फोटोत यावी अशी मान वळवली. लोह्यात चहाला थांबलो तर भोवती माणसं जमली. ही नाव बुडेल का तरेल यावर दोन पक्ष पडले आणि दोन्ही पक्षांना हे समजावत बसले. कागदावरचे पाच तिथंच वाजले.

तलावावर पोचलो तेव्हा सूर्य बराच खाली आला होता. चौकीदार धावत आला. "जयभीम सायेब! उतार साफ करून ठेवलाय. नुसती मागं घ्या गाडी."

नुसती मागं घ्या. ह्यांनी स्टिअरिंग डावीकडं फिरवलं, ट्रॉली उजवीकडं गेली. उजवीकडं फिरवलं, ट्रॉली बाभळीत गेली. मी ट्यूब कमरेला अडकवून खाली उभी राहून हात करत होते, त्यामुळं गोंधळ आणखी वाढला. पाचव्या वेळी जीप आणि ट्रॉली समोरासमोर आल्या.

आक्का खाली उतरली. "हूक काढ," तिनं भावाला सांगितलं. "बैल सोडल्यावर गाडी हातानंच फिरवतात नव्हं?" चौघांनी मिळून ट्रॉली फिरवली, दोर धरून हळूहळू उतारावरून सोडली. नाव पाण्याला लागली, जरा डुचमळली आणि सरळ उभी राहिली. एवढी मोठी वस्तू एकदम हलकी झालेली बघून मला उगाच आनंद झाला. त्या आनंदाच्या भरात मी आत जाऊन बसले.

हे वल्ही घेऊन मधोमध बसले, आक्का पुढं, मी मागं ट्यूबसह. ह्यांनी दहा-बारा वल्ही मारली असतील. मला वाटलं, चपलेत पाणी आलंय ते उतरतानाचं असेल. मग ते घोट्याला आलं.

"अहो," मी म्हणाले, "हे असंच असतं का?"

आक्कानं वळून पाहिलं. नावेच्या मागच्या अंगाला, तळाशी, आत साचलेलं पाणी सोडायला एक भोक असतं. एरवी त्यात बूच बसवलेलं असतं. त्या भोकातून तलाव आत येत होता.

"बूच कुठाय?"

"कुठलं बूच?" हे म्हणाले.

तेवढ्यात काठावरून चौकीदार हात हलवत ओरडला, "सायेब! दाजींचा फोन आलाय! सकाळपासून लावून राहिलेत म्हनं! बूच खुंटीवर राहिलं!"

मी ट्यूबला मिठी मारली. आक्का मात्र शांतपणे उठली, भावाच्या हातातली वल्ही घेतली आणि त्याला मागं ढकललं. "टाच ठेव त्या भोकावर. दाबून. हालायचं न्हाई." मग माझ्याकडं पाहून, "मास्तरीणबाई, भाकरीचा डबा रिकामा हाय नव्हं? उपसा पानी."

मी उपसायला लागले. आधी हळूहळू, मग जोरात. हे एका टाचेवर सगळा भार देऊन, दोन्ही कडा धरून, फोटो काढून घेताना बसतात तसे ताठ बसले होते. पाणी यायचं थांबलं. मला वाटलं, आता काठाकडं वळणार. आक्कानं मागं वळून काठ पाहिला, मग पुढं पाण्यात अर्धी बुडालेली बाभळीची रांग पाहिली.

"आता आलोच हाय," ती म्हणाली, "तर त्या झाडापातूर जाऊन येऊ."

"आक्का, पाय बधिर झाला," हे म्हणाले.

"दुसरा लाव."

आणि ती वल्हवायला लागली. साठी उलटलेली बाई. पण वल्ही पाण्यात जाताना आवाज होत नव्हता, नाव सुतासारखी सरळ चालली होती. बाभळीवरचे बगळे आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत उडाले नाहीत. डबा हातात तसाच धरून मी बघत राहिले. भीती कधी गेली ते कळलं नाही. बहुतेक पाण्याबरोबर उपसली गेली असावी.

रात्री चौकीदाराच्या बायकोनं पिठलं-भाकरी वाढली. चौकीदारानं बाभळीचं लाकूड तासून नवं बूच केलं, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. दाजींना ह्यांनी स्वतः फोन लावला आणि दहा मिनिटं नुसतं "हाव दाजी, हाव" म्हणत राहिले.

सकाळी मला जाग आली तेव्हा आक्का काठाला नावेत जाऊन बसली होती. "ये," म्हणाली. या वेळी तिनं वल्ही माझ्या हातात दिली. नाव जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली.

"पान्याला मारू नको. वढ."

मी ओढत राहिले. चौथ्या गिरकीनंतर विचारलं, "आक्का, तुम्हाला कधी भीती नाही वाटली?"

"लई वाटायची. पहिले सहा म्हयने डोळे मिटून जायची मी. मग एकदा तुझे दाजी तापानं पडले आन पलीकडं शेतात मानसं उपाशी. डोळे मिटून वल्हवता येतंय का?" ती हसली. "उघडले मग."

दुपारपर्यंत आम्ही अहमदपूर ओलांडून रेणापूरला पोचलो. तिथं नाव तलावात उतरवायला शेजारीपाजारी जमले होते. कुणी नारळ आणला, कुणी पेढे. नारळ फोडायला मी आक्काला हाक मारली, पुन्हा मारली. ती आमच्याकडं पाठ करून नावेवरच्या ताडपत्रीची घडी घालत होती. घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. मी तिला तिसरी हाक मारली नाही.

आठ दिवस राहून ती परत निघाली. मी तिला बस स्टँडवर सोडायला गेले. नांदेडची बस लागली, तिनं खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली आणि काच सरकवून म्हणाली, "वल्ही घरात ठेवत जा. उन्हानं चिरतात."

"ठेवते," मी म्हणाले.