नारणबापांचा बोराएवढा अडदिया

आमच्या कच्छातल्या मांडवीत थंडी पडली की प्राणशंकर महाराजांचा भाव वधारतो. घरोघरी जाऊन अडदिया, म्हणजे उडदाच्या पिठाचे तुपाळ लाडू, करून देणारे ते एकटेच उरलेत, आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत. चुलीपाशी बसण्याआधी चौकशी सुरू होते: घरात अंगमेहनत कोण करतं, दिवसभर गादीवर कोण बसतं, पोट कुणाचं बिघडतं? त्यावरून ज्याच्या त्याच्या अडदियाचा आकार ठरतो. मी शाळामास्तर, म्हणून गेली बावीस वर्षं माझ्या वाट्याला सुपारीएवढा येतो. बायकोला दुप्पट. त्यावर दाद मागायची सोय नाही.

नारणबापा मिस्त्रींचा मात्र मुठीएवढा असे. रुक्मावती नदीच्या काठावर त्यांनी चाळीस वर्षं गलबतं बांधली. गेल्या दिवाळीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी तूप-साखर तोडली आणि रोज चालायला सांगितलं. बापांनी पहिलं ऐकलं, दुसरं नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. असेच पडून राहिले तर पुढची दिवाळी बघणार नाहीत, असं डॉक्टरांनी त्यांच्या सुनेला, रसिलाला, स्पष्ट सांगितलं.

तिनं महाराजांना बोलावलं. "महाराज, यंदा तूप निम्मं घाला, साखरेऐवजी त्या गोळ्या घाला. बापूजींना कळणार नाही. गोड बघून निदान उठून तरी बसतील."

महाराज उखडलेच. "लाकडाला नुसता हात लावून जात सांगणारा माणूस तो. त्याला तूप कळणार नाही म्हणतेस, पोरी? आणि तुपाशिवाय उडदाचं पीठ म्हणजे भुसा. घशात अडकेल."

त्यांनी अडदिया खराच केला. पिठाला दूध-तुपाचा हात लावला, चाळलं, मंद आचेवर लालसर भाजलं. डिंक फुलवला, सुंठ आणि पिंपळमूळ घातलं. फक्त वळताना बापांचे बोराएवढे वळले आणि त्यातला एक नेऊन डॉक्टरांना दाखवला. एवढासा रोज एक, तोही चालणं असेल तरच, असं डॉक्टर म्हणाले. मग महाराजांनी डबा काखेत मारला आणि बापांच्या खाटेपाशी उभे राहिले.

"नारण, डबा माझ्या घरी राहील. रोज एक मिळेल. पायी यायचं. रिक्षानं आलास तर वास घ्यायचा आणि परत जायचं."

बापांनी तीन दिवस शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी काठी टेकत दीड मैल चालत आले. अडदिया घेतला आणि खिशात टाकला. "जाताना खाईन. तुझं तोंड बघत घास उतरत नाही."

होळीपर्यंत एक दिवस चुकला नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि खूश झाले. मग महाराजांनी गाव डोक्यावर घेतलं. भेटेल त्याला एकच प्रश्न, "गुण कुणाचा?" मी तर त्यांची गल्ली टाळू लागलो.

एके सकाळी मात्र मी त्यांच्या ओट्यावर सापडलो. डबा परवाच संपला होता, तरी सवयीनं बापाही आले होते. तेवढ्यात गोदीवरचा सुतार सिधिक आला. "महाराज, डबा संपला का? बापांनी दोन दिवस अडदिया दिला नाही."

महाराजांनी मान वळवली. "नारण?"

"वाट गोदीवरूनच आहे," बापा म्हणाले. "हा पहाटेपासून वाकसानं लाकूड तासतोय आणि मी त्याच्यासमोर खाऊ? मेहनत करील त्याचा अडदिया, हा कायदा तुझाच. मग थोडा वेळ तिथं बसायचो. फळी वाकडी बसली तर सांगायला कुणीतरी हवंच."

"एकही खाल्ला नाहीस?"

"पहिल्या दिवशीसुद्धा नाही."

मला हसू आवरेना. महाराजांनी सिधिकला नखशिखांत न्याहाळलं, त्याचे घट्टे पडलेले हात उलटे-सुलटे करून पाहिले.

"पुढच्या थंडीत नारणचा डबा मुठीएवढ्यांचा होईल," ते म्हणाले. "बोराएवढ्यावर या गड्याचं काय भागणार? आणि नारण, डबा माझ्याच घरी राहील. तू रोज न्यायला यायचं."